हजाराव्या दिवसाचा वाटा

धाकट्या भावाचं ते पत्र कार्सोदी मास्तरांनी कितीदा तरी वाचलं होतं, उत्तर मात्र दिलं नव्हतं. सुपादीनं जकार्ताहून विचारलं होतं, 'दादा, देवाला एकट्याचं ऐकू येत नाही का? आईसाठी मी इथून प्रार्थना करतो, तू तिथून कर. सारं गाव कशाला गोळा करायचं?' मास्तरांना वाटे, त्याचंही खरं असेल. एवढी पुस्तकं वाचून आपल्याला तरी कुठं काय कळलंय?

आईचा हजारावा दिवस आला. गेलेल्या माणसासाठी गावानं मिळून करायची ही शेवटची प्रार्थना. सुपादीचा फोन आला, "हॉटेलातून डबे धाडतोय, घरोघर पोचतील. तू दगदग करू नको." मास्तर नुसतं "बरं" म्हणाले.

दुपारी टेम्पो डबे वाटून गेला. वाळत घातलेल्या तंबाखूवर त्याची धूळ बसली. ऊन उतरायच्या आत शेजारची तुगिनेम अंगणात उभी. हातात न उघडलेला डबा, मागं आळीतल्या बायका.

"मास्तर, आमच्या चुली इझल्यात व्हय? ही भीक कुनी धाडली?"

"भीक नाही गं. सुपादीनं आईच्या नावानं..."

"मग आमीन कुनी म्हनायचं? टेम्पोवाल्यानं?"

मास्तरांनी डबा घ्यायला हात पुढं केला. तिनं तो मागं ओढला.

"माझं पोर गेलं तवा तुमच्या आयनं माझ्या दारात बसून नारळ खवला. तिच्या शेवटाला मला एक मिरची वाटू दिली न्हाई तुमी!"

प्रार्थना सांगणारा सलामुन कुंपणाशी आला होता. तो म्हणाला, "मला तर कुनी बोलावलंबी न्हाई. म्हातारी काय वाटेवर पडली व्हती?"

मास्तर सवयीनं 'चुकलं' म्हणणार होते. पण सकाळी ते आईच्या चटईवर एकटेच बसले होते. प्रार्थना संपली आणि आमीन म्हणायला कुणीच नव्हतं. शेवटी आपलं आपणच म्हटलं; स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासल्यासारखं. ते आठवलं आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. भावाचा राग आला, स्वतःचा तर जास्तच.

"चुली पेटवा!" ते ओरडले. "कोंबड्या धरा! ते डबे ओता गुरांपुढं!"

"अगं बया," तुगिनेम म्हणाली, "मास्तरांना आवाज हाय की!"

प्रार्थनेपुढं मांडायचा भाताचा शंकू घाईत रचला, तो एका अंगाला कलला. दिवेलागणीला पुरुष टोप्या घालून चटईवर दाटीनं बसले. सलामुननं आईचं नाव घेतलं. तंबाखूनं घोगरे झालेले सगळे गळे एकदम म्हणाले, "आमीन." त्यात मास्तरांना आपला आवाज वेगळा ऐकूच आला नाही.

मग भात मोडला, ज्याच्या त्याच्या टोपलीत घरी न्यायचा बरकतीचा वाटा पडला. आतून तुगिनेमनं एक टोपली जास्तीची सरकवली.

"ह्यो सुपादीचा."

"तिथवर नासेल गं."

"वाळवून धाडा. त्येचा वाटा आमी कसा खायचा?"

मास्तरांनी तो भात उन्हात खडखडीत वाळवला, पुडीत बांधला आणि सोबत लिहिलं:

'सुपादी, देवाला एकट्याचं ऐकू येत असेल, मला ठाऊक नाही. तुझ्या जागी तुगिनेमचा नवरा बसला आणि आईसाठी आमीन म्हणाला. हा तुझा वाटा. पुन्हा डबे पाठवलेस तर टेम्पो वेशीवरूनच परत धाडीन.'

शेवटची ओळ जरा जास्तच झाली, असं त्यांना टपाल कचेरीच्या पायरीवर वाटलं. खोडायला त्यांनी पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं आणि पुडी खिडकीतून आत सरकवली.