हिरवी तार

धाकट्याला अठ्ठावन्नावं लागलं होतं, तरी आजूबाजूचे सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. थोरला अजून रोज दुकानात येत होता, त्यामुळे धाकट्याची बढती काही होत नव्हती. घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीच्या त्या अरुंद गाळ्यात दोघा भावांनी तेहतीस वर्षं काढली होती. फ्रिज धाकट्याचे, वॉशिंग मशीन थोरल्याची, आणि मिक्सर-इस्त्री ज्याचा हात मोकळा असेल त्याची. हल्ली मात्र धाकट्याचा हात कधी मोकळाच नसे. आदल्या दिवशी एक जुना फ्रिज दोन मजले खाली उतरवताना त्याची कंबर धरली होती. सकाळी शटर वर करायचंसुद्धा जिवावर आलं होतं.

शटर अर्धं वर गेलं तोच फोन वाजला.

"अहो, मशीन करंट मारतंय!" पलीकडे बालवाडीच्या बाई होत्या. "पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या दादांनी पंप बदलला ना, तेच. आईला झटका बसलाय. तुम्ही आधी या."

"आई कशा आहेत?"

"बोलतायत. म्हणजे बऱ्या आहेत."

थोरला अजून आला नव्हता. हल्ली तो अकरापर्यंत यायचा. धाकट्यानं पिशवी उचलली, शटर पुन्हा खाली ओढलं आणि निघाला.

बाईंची आई पलंगावर बसून उजव्या हाताचा कोपर चोळत होती. धाकट्याला पाहताच तिनं गाऱ्हाणं मांडलं. "नवऱ्यानं आयुष्यात कधी हात उगारला नाही माझ्यावर, आणि ह्या मेल्या मशीननं मारलं बघ! नुसतं झाकण उघडलं मी."

"पायात चप्पल होती का, आजी?"

"न्हाणीघरात कोण चप्पल घालतं?"

धाकट्यानं न्हाणीघरात डोकावून पाहिलं. ओली फरशी, अनवाणी पाय आणि सत्तरी उलटलेलं शरीर. मशीन दाराशेजारीच उभं होतं. त्यानं हात न लावता टेस्टर पत्र्यावर टेकवला. आतला दिवा लख्ख पेटला. मग त्यानं भिंतीतला प्लग काढला आणि पिशवीतला तपासणीचा बल्ब त्या खोबणीला जोडून पाहिला. भिंतीतलं अर्थिंग ठणठणीत होतं. म्हणजे खोट मशीनच्या आत होती.

मशीन पुढे ओढताना कंबरेतून कळ गेली. तो दोन मिनिटं तसाच वाकून उभा राहिला, मग गुडघ्यांवर बसून मागचा पत्रा खोलायला लागला. पंपाची तार लोखंडी पट्टीच्या कडेला घासून सोलवटली होती. असं होतं कधीकधी, आणि झालं तरी माणसाला काही होऊ नये म्हणूनच हिरवी तार असते. ती मशीनच्या अंगाला स्क्रूनं आवळलेली असली की सुटलेला करंट तिच्या वाटेनं जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि विषय संपतो. इथे ती तार मोकळीच लोंबत होती. तिला धरणारा स्क्रू नव्हता, आणि टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

तार हादऱ्यानं सुटली असती, तर तिला पट्टी कोणी गुंडाळली असती? पट्टीचं शेवटचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढे उघडणाऱ्या माणसाला नखानं सोडवता यावं म्हणून. हे त्याला थोरल्यानंच शिकवलं होतं. गावात दुसरं कोणी असं करत नव्हतं.

त्यानं पंपाची तार बदलली, हिरवी तार नव्या स्क्रूनं घट्ट आवळली, पुन्हा टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

"काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

"तार सुटली होती."

"आपोआप सुटते?"

"हादऱ्यानं सुटते कधीकधी," तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करायला लागला. खोटं बोलायलाही ताकद लागते, आणि तेवढीच त्याच्या अंगात उरली होती.

दुकानात पोचला तेव्हा थोरला काउंटरमागे एक इस्त्री समोर घेऊन बसला होता. तिचा एकही स्क्रू निघाला नव्हता. धाकट्यानं ती काळ्या पट्टीची गुंडाळी त्याच्यापुढे ठेवली.

"बालवाडीच्या बाईंच्या मशीनमधली आहे. त्यांच्या आईला झटका बसला."

थोरल्याचा चेहरा उतरला. "लागलंय का?"

"नाही. नशीब. दादा, हिरवी तार तू मोकळी सोडलीस?"

थोरल्यानं इस्त्री बाजूला सारली. मग त्यानं दोन्ही पंजे काउंटरवर पालथे ठेवले. "बोटांना काही कळत नाही रे. हातमोजे घातल्यासारखं वाटतं. तो स्क्रू बारका असतो. तीनदा हातातून सुटला, मशीनच्या तळाशी गेला. मला उचलता येईना. बाई मागे उभ्या होत्या. म्हटलं, उद्या येऊन लावीन. पट्टी गुंडाळली आणि पत्रा बसवला."

"मग उद्या गेलास का?"

"उद्या तरी बोटं कुठे बरी होणार होती?"

"कधीपासून चाललंय हे?"

"शर्टाची बटणं तुझी वहिनी लावतेय, चार महिने झाले."

धाकट्याच्या तोंडून शिवी निघाली. ती भावासाठी होती, की रोज शेजारी बसूनही काही न दिसलेल्या स्वतःच्या डोळ्यांसाठी, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला इथे बसवून ठेवलं असतंस. फोन घ्यायला."

ते खरंच होतं. धाकट्यानं विचारलं, "अशी किती मशीनं आहेत?"

"पाच. बाईंचं धरून."

"आठवतायत?"

"झोपेत म्हणून दाखवतो," थोरला म्हणाला. "रोज म्हणतोच."

चौघांना फोन झाले. तिघांना मशीनचा प्लग काढून ठेवायला सांगितलं. एका घरी मात्र कुणी फोन उचलेना. धाकटा उठला तसा थोरलाही उठला.

"तू कशाला? मी जाऊन येतो."

"आधी बाईंकडे जायचं."

"त्यांचं झालंय सगळं. मी सांगितलंय त्यांना, हादऱ्यानं सुटली म्हणून."

"म्हणूनच जायचं," थोरला म्हणाला, आणि पिशवी त्यानं स्वतःच्या खांद्याला लावली.

बाईंच्या दारात थोरला चप्पल न काढताच उभा राहिला. "बाई, तार सुटली नव्हती. माझ्याकडून लावायची राहिली. बोटं चालत नाहीत, ते मी लपवलं." बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. त्यांनी एकदा धाकट्याकडेही पाहिलं, आणि त्यानं मान खाली घातली. आतून आईचा आवाज आला, "कोण आहे गं?" बाई म्हणाल्या, "कुणी नाही," आणि दार लोटून घेतलं. जोरात आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसरं घर शिंप्याचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मशीन तपासून घेतलं. वर दोघांना चहाही पाजला. तिसऱ्या घरचा माणूस मात्र भडकला. "माझी पोरं हात लावतात त्याला! तुम्ही माणसं आहात का?" तो धाकट्याच्या डोक्यावर उभा राहून बोलत होता, आणि धाकटा गुडघ्यांवर बसून स्क्रू आवळत होता. थोरला प्रत्येक वाक्याला नुसती मान हलवत होता. निघताना तो माणूस म्हणाला, "पुन्हा पाऊल ठेवू नका." चौथ्या घरी कुणी आवाज चढवला नाही, आणि दोघांनीही तेवढ्यानंच हुश्श केलं.

पाचवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. फोन न उचलणारे तेच. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गावाला गेलेत. आज संध्याकाळी यायचेत."

"प्रवासातून आल्या आल्या कपडेच लावतील मशीनला," धाकटा म्हणाला.

दोघे जिन्याच्या पायरीवर बसले. खिडकीतून उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत गेला, पिवळा झाला, मग विझला. धाकट्याची कंबर दगड झाली होती. थोरला भिंतीला डोकं टेकून कधी झोपला ते कळलंच नाही. पंजे मांडीवर उघडे पडले होते, जाडजूड, ठिकठिकाणी चिरलेले. ह्याच हातांनी एकेकाळी डोळे मिटून मोटर उकलून दाखवली होती, आणि धाकटा तोंड वासून बघत बसला होता. आज त्याला राग यायला हवा होता. सकाळी होताही. पण राग धरून ठेवायलासुद्धा जोर लागतो.

साडेसातच्या सुमाराला नवरा-बायको बॅगा ओढत वर आले. धाकटा कठड्याला धरून उठला.

"मशीन लावू नका अजून. आम्ही दुरुस्तीवाले."

"आम्ही तर बोलावलं नव्हतं," नवरा म्हणाला.

"माहीत आहे. मी सांगतो," थोरला म्हणाला. तो जागा झाला होता. त्यानं पाचव्यांदा तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. बायको पुढे झाली आणि तिनं दार उघडलं.

आत थोरल्यानं बॅटरी धरली. ती दोन्ही हातांच्या तळव्यांत दाबून धरावी लागत होती, पण उजेड नेमका तारेवर पडत होता. धाकट्यानं पट्टी नखानं सोडवली, तार जागेवर ठेवली, स्क्रू फिरवला.

"अजून अर्धा फेरा," थोरला म्हणाला.

"बसलाय, दादा."

"बसला नाही. आवाजावरून कळतं."

धाकट्यानं पीळ दिला. अर्धा फेरा खरंच बाकी होता.

खाली उतरताना दोघांनीही कठडा धरला होता. रस्त्यावर आल्यावर धाकटा म्हणाला, "उद्या दुकान उशिरा उघडू. सकाळी डॉक्टरकडे जायचंय."

"तुझ्या कंबरेसाठी?"

"तुझ्या बोटांसाठी."

"कंबरही दाखवून घे मग," थोरला म्हणाला. "एकाच फेरीत होईल."

धाकट्यानं मान हलवली. मग पिशवी थोरल्याच्या खांद्यावरून काढून त्यानं एक बंद आपल्या हातात घेतला, दुसरा थोरल्याच्या कोपरात अडकवला, आणि दोघे घराकडे चालू लागले.