कुल्फीची सुई

शाळेने गोदाचा प्रवेश अडवला नव्हता. लसीकरणाचं कार्ड आणा, नाहीतर सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरची चिठ्ठी आणा, एवढंच बाईंनी सांगितलं. गावात गोवराची साथ होती, म्हणून यंदा त्या ऐकून घेत नव्हत्या.

"कार्ड घर बदलताना गेलं. मी बघतो काहीतरी," गोदाचा बाप सारंग बायकोला म्हणाला.

वैदेही पूर्णा स्टेशनवर तिकीट खिडकीत बसायची. ड्युटीच्या वेळा बदलत्या, त्यामुळे गोदाच्या लसी सारंगच्या वाट्याला आल्या होत्या. तो घरीच शिकवण्या घ्यायचा. नांदेडला एक खासगी डॉक्टर आहे, त्याची सुई दुखत नाही, म्हणून तो दरवेळी तिला तिकडे न्यायचा. परत आल्यावर गोदाच्या मांडीला कापूस आणि पट्टी असायची. वैदेही रजा टाकून तिच्याजवळ बसायची, मांडीवर गार पाण्याच्या घड्या ठेवायची. आमची गोदा सुईला रडत नाही, तापतसुद्धा नाही, असं खिडकीतल्या सगळ्यांना सांगून झालं होतं.

सुट्टीच्या दिवशी ती गोदाला घेऊन दवाखान्यात गेली. सत्यशीला सिस्टरांनी दंडावरचा वण पाहिला.

"ही जन्मल्यावरची. बाकीच्या?"

"नांदेडला झाल्यात सगळ्या."

"मग डॉक्टरकडून लिहून आणा. मी न बघता कसं लिहू, ताई?"

"मला सुई लय आवडती," गोदा मधेच म्हणाली.

सिस्टर हसल्या. "अगं बाई! सुई आवडणारं पहिलंच लेकरू बघायलेय मी. दुखत न्हाई का तुला?"

"न्हाई. बाबा रिक्षातच पट्टी लावतेत. मग कुल्फी."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर नसतेत." गोदाने वैदेहीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "आईला सांगायचं नव्हतं."

वैदेहीने व्हरांड्यात जाऊन फोन लावला. सारंगने आधी गोदा लहान आहे, काहीही बोलते, असं म्हटलं. तिने गोदाचे शब्द जसेच्या तसे ऐकवले. मग तो म्हणाला, "माझ्या भावाला सुईनंतर झटके आले होते. तू नव्हतीस तेव्हा. मी होतो."

"मला सांगायचं ना."

"ऐकलं असतंस?"

"मी रजा टाकून तिच्या उशाशी बसले. तुम्ही समोर बसून बघत होतात."

ती कुठल्या दवाखान्यात आहे ते त्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, "मी येतो. तोवर काही करू नकोस."

ती आत आली. "सिस्टर, आज देता येईल तेवढं द्या."

"आज दोन देते. पुढच्या महिन्यात परत आणावं लागेल."

सिस्टरांनी दंड मागितला तशी गोदाने स्वतःच बाही वर सरकवली. वैदेही तिच्यासमोर वाकून बसली. "गोदा, आजची सुई खरी आहे. दुखणार आहे."

"न्हाई दुखत," गोदा समजूत घातल्यासारखं म्हणाली. "बाबा म्हणले, आईला उगंच तसं वाटतं."

पहिल्या सुईला तिचा आवाजच फुटला नाही. दुसरीला ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरची माणसं डोकावली. तिने सिस्टरांकडे पाहिलंच नाही. आईचा हात झटकून ती म्हणाली, "तू वाईट हायस. बाबाची सुई चांगली हाय."

सारंग दारात आला तेव्हा ती धावत जाऊन त्याला बिलगली. त्याने उचलून घेतलं. त्याच्या मानेत तोंड खुपसून ती हुंदके देत राहिली, आणि तो तिच्या पाठीवर थोपटत वैदेहीची नजर चुकवत राहिला.

संध्याकाळी गोदाला ताप भरला, सिस्टरांनी सांगितलं होतं तसाच. सारंग वाटीत पाणी आणि फडकं घेऊन आला. ते पिळून तो गोदाजवळ वाकला.

वैदेहीने फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला सवय आहे."