छातीतली किटकिट

मी गिनीपिग बोलतोय. आकाराने पावाएवढा, शेपूट नावालाही नाही. पण आवाजात कुणाला हार जाणारा नव्हे. भूक लागली की शीळ, कुरवाळलं की घुर्रघुर्र, राग आला की दातांची कटकट.

माझा जन्म एका शिक्षिकेच्या घरी, बुटांच्या खोक्यात झाला. महिन्याचा झालो तेव्हा एका सुताराच्या मुलीने मला आपल्या घरी आणलं. टपाल कचेरीत नोकरी करणारी, हसरी मुलगी. तिने माझं नाव ठेवलं बोळा.

तिच्या बाबांना मी नकोच होतो. घरात उंदीर कशाला, म्हणाले. पण आठ दिवसांत त्यांनीच मला दुमजली घर करून दिलं. मला कुठे लाकडाची कूस टोचू नये म्हणून कडा तासभर घासल्या. खाली अंथरायला रोज आपल्या सुतारकामाच्या कारखान्यातून ताजा भुसा आणायचे. मऊ, वासाचा. मी त्यात मनसोक्त लोळायचो.

एके दिवशी माझ्या नाकात शीळ वाजली. ती मी वाजवली नव्हती. मग ओल्या शिंका आल्या आणि श्वासागणिक छातीत किटकिट सुरू झाली. मुलीला वाटलं, मी खुशीत गातोय. तिने फोनवरून मावशीलाही ऐकवलं. आम्ही गिनीपिग श्वास घेतो तो नाकानेच. नाक चोंदलं की खाणंही नकोसं होतं. काकडी तशीच पडून राहिली.

बाबांनी ती काकडी पाहिली. मला उचलून कानाशी धरलं आणि म्हणाले, "हा गात नाहीये गं. ह्याला दम लागलाय."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, श्वास मोजले, मग खाली काय अंथरता ते विचारलं. बाबांनी अभिमानाने सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या की लाकडाची बारीक धूळ आणि उग्र वास गिनीपिगांच्या फुप्फुसांना सोसत नाही. त्यातच आता जंतूंनी घर केलंय. घरातलं माणसांचं औषध चुकूनही देऊ नका, आणि खाणं सुटलं तर एक दिवसही थांबू नका.

बाबा खाली मान घालून उभे होते. तेवढ्यात त्यांना खोकला आला.

"हा कधीपासूनचा?" बाईंनी विचारलं.

"असतोच. धंद्यातला आहे."

"ह्याचाही तिथलाच आहे," माझ्याकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या.

मुलीने बाबांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

पुढचे दिवस कडू थेंबांचे आणि पिचकारीने भरवलेल्या पातळ खाण्याचे होते. एकदा मी बाबांच्या बोटाला चावलो. त्यांनी बोट पुसलं आणि पुढचा थेंब भरवला. चौथ्या दिवशी मी कोथिंबिरीची एक काडी आपणहून खाल्ली, तेव्हा ते नाक पुसत बाहेर गेले. पुढच्या आठवड्यात मुलीने त्यांनाही त्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आता ते कारखान्यात तोंडाला मास्क लावतात. घोड्याला तोबरा बांधल्यासारखं वाटतं म्हणून कुरकुरतात, पण काढत नाहीत.

मी आता चार वर्षांचा आहे. भुशाऐवजी खाली जाड, मऊ कापड असतं आणि ते रोज बदललं जातं. थंडीत छातीची उजवी बाजू जरा कुरकुरते, पण माझी भूक दणकट आहे.

तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल, तर आज घरी गेल्यावर टीव्ही बंद करा आणि त्याला कानाशी धरा. निरोगी असलो की आमचा श्वास वाजत नाही. श्वासाचा आवाज ऐकूच आला नाही, तर निश्चिंत मनाने त्याला काकडी द्या.