रांजणांचं सुतक

आमच्या आप्पांना गाव हट्टी म्हणतं. मी त्यांची मुलगी आहे आणि मला तो शब्द कमी वाटतो. सुपडू पाटील एकदा नाही म्हणाले की मग माणसं सोडा, दारातला बैलसुद्धा दुसरी वाट धरतो. हा गुण थोडा माझ्यातही उतरलाय, असं माझ्या सासरी नवापूरला सगळे सांगतात. सांगोत.

शहाद्याच्या आमच्या भागात जो तो पपई लावतो, केळी लावतो, नाहीतर ऊस. माझ्या धाकट्या भावानं, भूपेशनं, काळी द्राक्षं लावली आणि त्यांची वाइन करणार म्हणून सांगितलं, तेव्हा पारावर लोकांना वर्षभराचा विषय मिळाला. "सुपडूना पोर्‍यानी घरमाच गुत्ता काढा," असं म्हणून हसायचे. परवाना आला, पाटी लागली, पुण्या-नाशिकची माणसं गाड्या घेऊन यायला लागली, तरी गावाच्या लेखी तो गुत्ताच राहिला.

आप्पांच्या लेखीही तोच. त्यांचा थोरला भाऊ दारूत गेला होता. त्याला गटारातून उचलून खांद्यावर घरी आणायचं काम लहानपणी आप्पांकडे असायचं. त्यामुळे घरात दारू शिरली तर मी बाहेर, असं ते म्हणाले आणि भूपेशनं बाग लावल्यावर घरातच राहिले. बाग त्यांना आवडली, हे त्यांच्या तोंडून कधी आलं नाही, पण पहाटे वेलींशी बोलताना मी त्यांना ऐकलंय. छाटणी त्यांची, पाणी त्यांचं, घड विरळ करायचे तेही त्यांनीच. द्राक्षं काढून वाइनच्या शेडच्या दारापर्यंत आणायची आणि क्रेट खाली ठेवून मागं फिरायचं. "बाग मन्हा. पुढलं तुमनं," एवढं म्हणायचे. शेडचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही.

उंबऱ्याच्या आत भूपेश आणि माझी भावजय रुपा. ती तळोद्याची. लग्नाआधी तिनं वाइनची बाटलीसुद्धा पाहिली नव्हती, आणि दोन हंगामांत तिचं नाक भूपेशपेक्षा तिखट झालं. भूपेश नाशिककडच्या कारखान्यांत काम करून आलेला, पण तिथल्या स्टीलच्या टाक्या त्याला पटल्या नाहीत. "तठे रसले कोनी हात लावत नही, बटनं दाबतस," म्हणायचा. धडगावच्या वर एका मित्राच्या घरी त्यानं मोहाची फुलं मातीच्या मडक्यात भिजत घातलेली पाहिली आणि परत येऊन शेडची जमीन खणायला घेतली. मोठाले रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरले. आमच्याकडे शिमग्यालाच अंग भाजून निघतं, पण पुरलेल्या रांजणात रस गार राहतो. द्राक्षं पायांनी तुडवायची, सालींसकट रांजणात ओतायची, वरून काही म्हणजे काही घालायचं नाही. सालींवर जी पांढुरकी राख असते तीच काम करते, असं तो सांगायचा.

एक-दोन दिवसांत रस उकळल्यासारखा बोलू लागतो. साली वर येतात आणि जाड थर धरतात. भूपेश त्या थराला गोधडी म्हणायचा. ती गोधडी लाकडी दांड्यानं दिवसातून तीनदा तरी खाली दाबावी लागते. नाही दाबली तर ती वरच्या वर सुकते, तिला वारा लागतो, चिलटं बसतात आणि रस आंबून वाया जातो. सगळी विद्या त्या दाबण्यात आहे, बाकी सगळं द्राक्षं करतात, असं भूपेश पाहुण्यांना सांगायचा. मी त्याला चिडवायचे की बाबा, गोधडी झटकायला आईनं हजारदा सांगितलं तेव्हा तुझे हात मोडले होते.

दरवर्षी नवी वाइन तयार झाली की तो एक पेला घेऊन ओट्यावर यायचा. आप्पांपुढे धरायचा. आप्पा पेल्याकडे न बघता म्हणायचे, "माले नको." भूपेश हसायचा, पेला स्वतः संपवायचा. त्याची लोकांनी वाहवा केली होती, पेपरात छापून आलं होतं. पण पेला घेऊन परत जाताना त्याची पाठ बघावी. बापानं एक घोट घ्यावा, चांगली म्हणावं नाहीतर वाईट म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

यंदा फेब्रुवारीत बाग कधी नव्हे अशी धरली. तुडवणीला मी चार दिवस माहेरी आले होते. भूपेश ढोपरापर्यंत जांभळा झाला होता आणि शेतावरच्या धुडकू सालदाराला नाचायला शिकवत होता. रुपा हसून हसून पडायची बाकी होती. सगळे रांजण भरले. मी नवापूरला परत गेले. त्याच आठवड्यात भूपेश बाटल्यांची बुचं आणायला मोटरसायकलवर निघाला आणि अक्कलकुव्याच्या अलीकडे हायवेवर ट्रकखाली गेला.

आप्पांनी अग्नी दिला. बापानं पोराला अग्नी द्यायचा, याला काय म्हणावं ते मला आजही कळत नाही. आई अंथरुणाला खिळली. आणि रुपा रडली नाही. बायका तिला घेरून बसल्या, गळ्यात पडल्या, "रड वो माय, मोकळी हुई जा," म्हणाल्या. ती भिंतीला टेकून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन गेले तेव्हा तिनं माझ्या पदराला धरून मला खाली ओढलं.

"ताई, आप्पासले सांगा. गोधडी दाबनी पडी. नहीतं रस आंबी जाई."

मला आधी वाटलं, दुःखानं डोकं फिरलं हिचं. मग तिचे डोळे पाहिले. ती अगदी शुद्धीवर होती. "त्यासना पाय शेत त्या रसमा," ती म्हणाली. भूपेशनं तुडवलेला शेवटचा रस होता तो. "माले तेवढं तरी राहू द्या."

मी आप्पांना शोधत मागे गेले. ते शेडच्या बाहेर, दाराला पाठ लावून जमिनीवर बसले होते. दाराला कुलूप होतं. आमच्या शेडला कधी कुलूप नसायचं.

"आप्पा, चावी द्या. रस दाबना पडी, रुपा सांगस."

त्यांनी मान वर केली. "सुतकमा लोनचानी बरनीले हात लावतस का?"

"नही."

"का बरं?"

"नासी जास."

"मंग?"

लहानपणापासून मी तेच पाळत आलेय. कोणी गेलं की आई लोणच्याच्या बरण्यांवर फडकं बांधून त्या माळ्यावर ढकलायची, पापडाच्या डब्याला बोट लावू द्यायची नाही. नवापूरला मीही तेच करते. तरी मी म्हटलं, की मी लावत नाही, रुपा लावत नाही, धुडकूला करू द्या, तो काही आपल्या सुतकातला नाही.

"सुतक घरले शे," आप्पा म्हणाले. "घरमातली बरनीले बी शे." आणि मग त्यांचा आवाज फाटला. "मन्हा पोर्‍यानं शेवटलं काम शे हाई. माले ते नासू देवानं नही, ममता."

ज्या शेडकडे त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं तिची ते राखण करत बसले होते. ऊन आलं की भिंतीच्या सावलीनं सरकायचे, रात्री तिथंच चटई टाकायचे. मी भांडले. रोज भांडले. लोणचं वेगळं, रस वेगळा, असं ओरडून सांगितलं, तर भाऊबंद मलाच गप्प करायला आले, की पोरी, बापाची काय दशा आहे आणि तू दारूवरून भांडतेस. त्या दिवशी मला त्या सगळ्यांच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. खरं सांगायचं तर आप्पांच्याही.

रुपा रोज मला एकच विचारायची, "कसा वास येस?" मी शेडच्या फटीला नाक लावून यायचे आणि सांगायचे. आधी गोड यायचा. मग माझं नाक झोंबायला लागलं. मग मी खोटं सांगायला लागले. तिला ते कळत होतं, कारण वारा फिरला की वास माजघरापर्यंत यायचा. ती डोळे मिटून घ्यायची. बायका म्हणायच्या, बिचारीला डुलकी लागली.

दहावं झालं, घर सारवून शुद्ध झालं, गोमूत्र शिंपडलं. आप्पांनी कनवटीची चावी काढून स्वतः रुपाच्या हातात दिली. म्हणाले, "जाय बेटा. कोनीच हात लायेल नही." एखादी अमानत परत करावी तसं.

मी तिच्याबरोबर गेले. दार उघडल्याबरोबर चिलटांचा लोट तोंडावर आला. गोधडी फुगून वर आली होती, सुकून तडकली होती, वर पांढरा बुरा धरला होता. रुपानं ती एका बाजूला सारली, पळीनं रस काढला, जिभेवर ठेवला. मग दुसऱ्या रांजणाचा. मग तिसऱ्याचा. सगळे तिनं चाखले. मीही चाखला. चायनीजच्या गाडीवर बाटलीत भरून ठेवतात ना व्हिनेगर, तेच.

"गयं सगळं," ती म्हणाली. पळी धुतली, जागेवर ठेवली.

तेवढ्यात दारात सावली पडली. आप्पा उंबऱ्याशी उभे होते. नेहमीसारखे थांबले. मग त्यांनी चपला काढल्या, देवळात जावं तसे, आणि आत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एकेका रांजणाजवळ जाऊन वाकून बघितलं. पांढरा बुरा त्यांना दिसला, पण चांगल्या वाइनवर तो येत नाही हे त्यांना कुठून कळणार?

"माले बी जराशी दे," ते रुपाला म्हणाले.

रुपानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं कोनाड्यातला पेला घेतला. भरताना अर्धं खाली सांडलं. आप्पांनी पेला दोन्ही हातांनी धरला, तीर्थ घेतात तसा कपाळाशी नेऊन ओठाला लावला आणि मोठा घोट घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी घोट गिळला, छातीवरून हात फिरवला.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. तुमच्या कुलपानं हे झालं. तुम्ही राखण केलीत म्हणून नासलं. पोराच्या हातची वाइन कशी असते हे तुम्हाला आता कधीच कळणार नाही, आणि ते तुमच्यामुळे. मी "आप्पा" म्हटलंसुद्धा.

"अशीच ऱ्हास का?" आप्पांनी विचारलं. वाइन अशीच असते का, हे त्यांनी माझ्याकडे नाही, रुपाकडे बघून विचारलं.

रुपानं माझं मनगट पकडलं. बांगडी रुतली इतकं घट्ट.

"हां आप्पा," ती म्हणाली. "अशीच ऱ्हास."

आप्पांनी मान हलवली. विश्वास बसला त्यांचा. पुन्हा एक घोट घेतला, या वेळी हळू, जिभेवर घोळवत. त्यांनी पाहुण्यांना तसं करताना लांबून पाहिलं असावं. पेला रिकामा होईपर्यंत ते थांबले नाहीत.

"जराशी आंबट शे," ते म्हणाले. "पन चांगली शे. दारूसारखी नही. मन्हा भाऊ पेयाचा तशी तं मुळीच नही." पेल्याच्या तळाकडे बघत राहिले. "त्याले सांगानं ऱ्हाई गयं."

तेव्हा रुपा रडली. उभ्याची बसली आणि रांजणाच्या काठाला कपाळ लावून असा हंबरडा फोडला की घरातून बायका धावत निघाल्या. माझ्या डोळ्यांपुढे भूपेशची जांभळी पावलं होती, पेला घेऊन परत जाणारी त्याची पाठ होती, आणि समोर हा म्हातारा, ज्याला मी कधी माफ करणार नव्हते. मला आता त्याच्यावर रागावताही येईना.

आप्पा तिच्याजवळ मातीत खाली बसले. आपल्या बोलण्यानं तिचा बांध फुटला, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नको रडू बेटा," ते म्हणाले. "चांगली बनाडी त्यानी. माले आवडनी."