कोरडं बेसिन

*आधी गळती शोधावी*

देवयानीने बेसिनखाली हात घातला, नळाच्या जोडावरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. कोरडं. पुन्हा फिरवलं. मागच्या रविवारी इथे थेंब थेंब पाणी गळत होतं आणि खाली निळी बादली होती. आता बादलीच्या जागी अगरबत्ती जळत होती. फरशी तर इतकी घासलेली की तिला त्यात स्वतःची हनुवटी दिसली.

बाथरूमच्या दारात टेरी उभा होता. प्लंबिंगचा परीक्षक. टक्कल, कानामागे पेन, हातात कागद लावलेली फळी. कोर्स संपला होता, लेखी झालं होतं. खऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी खरं काम याच्यासमोर करून दाखवायचं, एवढंच उरलं होतं. ते झालं की सर्टिफिकेट, आणि सोमवारपासून लंडनमधल्या पिनरच्या एका कंपनीत नोकरी. नाही झालं तर टेरीची पुढची फेरी सप्टेंबरात, आणि कंपनी तोवर थांबणार नव्हती.

"मावशी," तिने हाक मारली, "गळत नाहीये हो!"

"गळेल कसं?" गयामावशी जिन्यावरूनच बोलल्या. "काल माणूस बोलावला अन् पक्कं करून घेतलं. तुझी परीक्षा, अन् माझं घर गळकं? साहेब काय म्हणेल?"

गयामावशींनी नोकरीभर नागपूरच्या शाळेत शिकवलं होतं. तपासणीला साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी काळे फळे धुवायचे, फाटके नकाशे उतरवायचे आणि कच्च्या पोरांना मामाच्या गावाला पाठवायचं. मुलाकडे वेम्बलीला राहायला आल्या तेव्हा सामानाबरोबर ही सवयही आली.

"अहो, पण गळतीच तर दुरुस्त करायची होती."

"मग झाली ना दुरुस्त! आता पास कर म्हणावं."

"एव्हरीथिंग ओके?" टेरीने विचारलं.

"येस, येस. वन मिनिट," देवयानी म्हणाली आणि कोरड्या जोडाकडे पाहत राहिली.

*गिऱ्हाइकाचं म्हणणं नीट ऐकून घ्यावं*

देवयानीने समजावलं तेव्हा कुठे मावशींना चूक कळली. मग आत गेल्या आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. संडासात लावायचा जेट. नागपूरहून आणलेला, पाइपसकट.

"हे घे. हे लाव. झालं ना काम?"

"व्हॉट्स दॅट?" टेरीने मान पुढे काढली. "कुत्र्याला आंघोळ घालायला?"

"काय म्हणते तो?"

"काही नाही मावशी."

देवयानीने जेट हातात घेतला. फ्लशच्या टाकीला जाणारा पाइप समोरच होता. मध्ये एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घालायची, वर जेट अडकवायचा. टी पिशवीत होती. तिचा हात पिशवीच्या चेनपर्यंत गेलासुद्धा. रीडिंग शहरातल्या तिच्या जुन्या ऑफिसने तिच्या टीमचं सगळं काम पुण्याला हलवलं आणि नोकरी गेली, त्या दिवसापासून ती या सोमवारची वाट पाहत होती.

तिने चेन सोडून दिली.

"नाही लावता येणार."

"काहून? समोरच्या राजीवकडे आहे. मनीषाकडे आहे."

"असेल. पण जेट मेनच्या, म्हणजे रस्त्याच्या पाइपातून येणाऱ्या, पाण्याला थेट जोडायची परवानगी नाही. रस्त्यात कुठे पाइप फुटला, प्रेशर गेलं आणि जेट त्या वेळी बादलीत पडलेला असला, तर बादलीतलं पाणी उलटं ओढलं जातं. ते शेजाऱ्यांच्या नळाला येऊ शकतं."

"माझ्या संडासातलं पाणी शेजारी चहाला घेतील?"

"तसंच समजा."

मावशींनी नाक मुरडलं, मग आवाज खाली आणला. "अगं, तू लाव तर. त्या टकल्याला काय समजतंय? नुसता लिहून राहिला. तो गेला की काढून टाक."

"नाही मावशी. मेनपासून वेगळी छोटी टाकी लागते त्याला. टाकी मिळाली की मी स्वतः येऊन बसवीन. आज नाही."

"बाप्पा! एवढी शिकलेली पोरगी अन् नापास व्हायची हौस!"

टेरी काहीतरी लिहीत होता. त्याने मान वर केली नाही.

*पाणी बंद करावं (हे खरं तर सगळ्यात आधी)*

तेवढ्यात बबनकाका, म्हणजे मावशींचे यजमान, तिघांच्या मधून वाट काढत आत आले. सकाळपासून ते आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. बनियनवरच होते. ते बेसिनखाली वाकले. "एक्स्क्यूज मी," टेरीला म्हणाले, आणि खिशातून पाना काढून कालच्या माणसाने आवळलेला नट त्यांनी पूर्ण सोडला.

पाण्याचा फवारा काकांच्या छातीवर बसला, तिथून टेरीच्या बुटांवर. अगरबत्ती विझली.

"आता गळून राहिलं," काका म्हणाले.

देवयानी धावली. जिना, जिन्याखालचं कपाट, कपाटातले कांदे, कांद्यांमागचा मुख्य कॉक. तो बंद करून ती वर आली तेव्हा मावशी बेसिनखाली पातेलं धरून उभ्या होत्या आणि काका शांतपणे मिशा पुसत होते.

"हे कसं झालं?" टेरीने विचारलं.

"ओल्ड हाउस," काका म्हणाले.

टेरीने ओल्या बुटांकडे पाहिलं. "गळती ती गळती," तो म्हणाला. "चल, कर सुरू."

देवयानी पाठीवर आडवी झाली. जुना वायसर काढला, चपटा झालेला. वायसरची बैठक पुसली, नवा बसवला, नट हाताने लावला, मग पान्याने थोडासा. जास्त नाही. खाली जाऊन कॉक हळूहळू उघडला. वर येऊन जोडाभोवती कोरडा कागद फिरवला आणि टेरीला दाखवला. कागद कोरडाच होता.

*जागा पुसावी, मगच सही घ्यावी*

चहा झाला. टेरीने सही केली, पेन कानामागे गेलं. मावशी अजून फुरंगटलेल्याच होत्या, पण चिवड्याची बशी त्यांनी पुढे सरकवली होती.

टेरीने टेबलावरचा जेट उचलला, उलटसुलट पाहिला. "या भागात अर्ध्या घरांत तुला हे लावायला सांगतील."

"माहितीये."

"नाही म्हणता येतं तुला. बरंय." त्याने जेट टॉवेलात परत नीट गुंडाळला. "टाकी घेताना मला फोन कर. मी आमच्या घरी बसवलीये, चांगली चालते."

"तुमच्या घरी?"

"बायको नैरोबीची गुजराती आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात. मघाशी कुत्र्याचं मी मुद्दाम म्हणालो." त्याने टकलावरून हात फिरवला आणि मावशींकडे बघून हसला. "थोडुं थोडुं समजाय छे."

बबनकाकांना ठसका लागला. मावशींनी पदर सारखा केला, चिवड्याची बशी उचलली, पुन्हा ठेवली.

"देवयानी," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांना आणखी चिवडा घ्या म्हणावं."

"तुम्हीच सांगा ना, मावशी."