आकूच्या डोक्यातला कडूबा

"डोक्यातले धागे खातेत म्हंजी? किडा हाय का काय लेकराला?" कडूबानं छाटणीची कात्री ओट्यावर आपटली.

"किडा न्हाई, बाबा. राखणदार पेशी असतात मेंदूत. लहानपणी पेशींना जोडणारे धागे लई जास्तीचे असतात. जे वापरात न्हाईत, ते ह्या खाऊन साफ करतात." भावनाला पुण्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती. उद्या सकाळी निघायचं होतं. तिची चौदा महिन्यांची आकू आजोबाची चप्पल मन लावून चाटत होती.

कुंभार पिंपळगावच्या शिवारात कडूबानं तीस वर्षं मोसंबीच्या वाळक्या फांद्या कापल्या होत्या. वाळकं दिसलं की कापायचं. कोण त्या फांदीला झोका बांधत होतं, हे मजूर विचारत नाही. नातीच्या डोक्यात आपल्यासारखेच मजूर उतरलेत हे त्याला लगेच पटलं. 

"माझ्या वळखीचा धागा हाय का तिच्यात?"

"असंल की."

"जाडजूड हाय का?"

"वापरला तर टिकंल, बाबा."

तेव्हापासून कडूबानं स्वतःला वापरात आणलं. दर दहा मिनिटांनी तो दारातून आत यायचा, "मी कडूबा" म्हणायचा आणि बाहेर जायचा. सहाव्या खेपेला टोपी घालून आला. मग घाबरला, टोपीवाल्याचा धागा वेगळाच निघाला तर? लगेच बोडक्यानं येऊन गेला.

"मतं मागून राह्यले का?" कौसल्या भाकरी थापता थापता नवऱ्यावर करवादली. "बसा की एका जागी!"

"तुला काय? तू चारती तिला. तुझा दोर हाय, माझं सुताडं."

सकाळी जावयानं, मिथुननं, सामान गाडीत भरलं. कडूबा पहाटेपासून अंघोळ करून तयार होता. भावना आकूला खांद्यावर घेऊन बाहेर आली. आकू गाढ झोपली होती.

"उठीव की जरा."

"आत्ता झोपली, बाबा. रडंल वाटभर."

कडूबानं नातीच्या गालाकडं बोट नेलं. तसंच मागं घेतलं.

"झोपेत बंद असतं का त्या राखणदारांचं काम?"

"न्हाई," भावना हळूच म्हणाली. "झोपेतबी चालतं."

कडूबा आकूच्या कानाशी वाकला. शेजारच्या ओळीतल्या मजुराशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "भाऊ, जरा बघून कापा."

मग त्यानं गाडीचं दार उघडून धरलं.