मंगळवारचा कॉल

मंगळवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओ कॉल लागला. वैजयंतीने फोन तांदळाच्या डब्याला टेकवला आणि सासऱ्यांच्या शेजारी बसली.

सासरे जगदेव (ती त्यांना मामाजी म्हणे) यांना विसरण्याचा आजार जडून तीन वर्षं झाली होती. मंगरूळपीरलगतच्या मळ्यातली भाजी नवरा धीरज सकाळीच बाजारात नेई; मागे घरात ही दोघं. तीन वर्षांत ती केनवडला माहेरी एक रात्रही राहिली नव्हती. फोनवर एका चौकटीत अकोल्याच्या समुपदेशक सुकेशनीताई होत्या, दुसरीत पुण्याहून धाकटा दीर हरीओम. त्याने वडिलांना दोन महिने न्यावं, एवढंच ठरवायचं होतं.

"बाबा, कसे आहा?"

"मजेत. तिकडे वांग्याले काय भाव हाय?"

हरीओम हसला. "वहिनी, बाबा तं माह्यापेक्षा ठणठणीत दिसून राह्यले. कायले हालवता त्याईले?"

वैजयंतीने सासऱ्यांची टोपी सरळ केली. त्यांच्या तोंडावर त्यांचंच काय सांगणार?

दुपारी सुकेशनीताईंनी तिला एकटीला फोन केला. "कॉलच्या आधी तुम्ही काय काय केलं?"

तिने आठवून सांगितलं. दोनदा आंघोळ, कारण पहिलीनंतर धोतर भरलं. दाढी करताना ते तिच्या मनगटाला चावले. मग धुतलेलं धोतर, इस्तरीचा सदरा, टोपी. साडेसहापासून अकरापर्यंत तेच.

"मग दिराला काय दिसणार? पुढच्या वेळी काही करू नका. असतील तसे बसवा."

"चार लोकाईसमोर मोठ्या मानसाले तसंच कसं बसवाव, ताई? मलेच नावं ठेवतीन."

"ठेवू द्या. एकदा."

पुढच्या मंगळवारी तिने पाणी तापवलं नाही. मामाजी बाजेवर बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं उघडी, धोतर ओलं. मांडीवर सकाळी मुळासकट उपटून आणलेली कोवळी मेथी. शेजारच्या दुर्गाबाई दारात थबकल्या.

"काहून व, आज म्हाताऱ्याची आंघोळ राह्यली?"

"राह्यली."

दुर्गाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेल्या.

अकराला फोन वाजला. मामाजींचा हात डोक्याकडे गेला. "पोरी, कोनी आलं वाट्टे. माही टोपी दे."

तिने खुंटीवरची टोपी काढली. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिने तो उचलून डब्याला टेकवला.

अकरा वाजून चार मिनिटांनी पुण्याची चौकट उघडली. मामाजींनी डोकं पुढे केलं होतं. टोपी वैजयंतीच्या हातात होती.